वाचकांचे प्रश्न : सीमेपलीकडचा आसरा आणि सरकारांचे सहकार्य

पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या हल्ल्यात २६ जणांचे प्राण गेले आणि त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. तेव्हापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच विषय निरनिराळ्या अंगांनी विचारला गेला आहे. दहशतवादी संघटनेची माणसे एका देशात, पैसा दुसऱ्या देशात आणि तिचे बळी तिसऱ्याच देशात असतील, तर सरकारे एकत्र येऊन तिचे नेमके काय करू शकतात, असा तो प्रश्न आहे. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी चोवीस वर्षे फौजेत काढली आणि त्यांतील मोठा काळ काश्मिरात होतो. प्रत्येक शिखर परिषदेच्या अखेरीस सगळे देश दहशतवादाचा निषेध करतात, पण पलीकडचे तळ जागच्या जागी राहतात. मग हे सहकार्य म्हणजे कागदी घोडे नाचवणेच नव्हे काय? (एक निवृत्त सुभेदार, सैनिक टाकळी, ता. शिरोळ)

उत्तर : सुभेदारसाहेब, आपला राग निराधार नाही. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे दहशतवादविरोधी सर्वंकष कराराचा मसुदा मांडला, आणि इतक्या वर्षांनंतरही तो संमत झालेला नाही, कारण दहशतवादी कोणाला म्हणावे यावरच सदस्य देशांचे एकमत होत नाही. परकीय सत्तेविरुद्ध लढणाऱ्यांना व्याख्येतून वगळावे असा काही देशांचा आग्रह आहे, तर देशांच्या सैन्यदलांची कृत्ये तिच्या कक्षेत यावीत की नाही यावर वेगळा वाद आहे. मात्र व्याख्या अडली म्हणून सगळेच अडले असे झाले नाही. अमेरिकेवरील हल्ल्यानंतर सतरा दिवसांनी, २८ सप्टेंबर २००१ रोजी, सुरक्षा परिषदेने १३७३ क्रमांकाचा ठराव केला आणि दहशतवादाला पैसा पुरवणे हा गुन्हा ठरवणे, असा पैसा गोठवणे, दहशतवाद्यांना आसरा न देणे आणि एकमेकांना माहिती पुरवणे ही कर्तव्ये सर्व सदस्य देशांवर बंधनकारक केली. कायदा कागदावर आहे. उणीव आहे ती तो पाळण्याच्या इच्छेची.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घेतो. कागल ओलांडून कोगनोळीच्या नाक्यापाशी पोहोचले की महाराष्ट्र पोलिसांची हद्द संपते. तरीही कागलात गुन्हा करून निपाणीत लपलेला माणूस परत आणता येतो, कारण दोन्हीकडे फौजदारी कायदा एकच आहे, दोन्हीकडची न्यायालये शेवटी एकाच सर्वोच्च न्यायालयाला बांधलेली आहेत आणि त्या माणसाला लपवून ठेवण्यात निपाणीच्या पोलिसांचे काहीही हित नसते. दोन देशांमधील सीमेवर कायदा आणि न्यायालये वेगळी होतातच. ती जोडून घेता येतात, त्यासाठी करार असतात. हित मात्र कराराने जुळत नाही. पलीकडच्या सत्तेला तो माणूस उपयोगाचा वाटत असेल, तर पुराव्यांची कितीही गाठोडी पाठवली तरी ती तशीच पडून राहतात.

हे हित बदलू शकते, आणि बदलले की काय घडते याचे सर्वांत बोलके उदाहरण मला स्पेनचे वाटते. बास्क हा उत्तर स्पेनमधील प्रदेश स्वतंत्र करण्यासाठी १९५९ मध्ये स्थापन झालेल्या ‘एटा’ या संघटनेने स्पेनमध्ये आठशेहून अधिक माणसे मारली, आणि तिचे नेते सीमा ओलांडून फ्रान्सच्या बास्क भागात राहत असत. फ्रँकोच्या हुकूमशाहीला विरोध करणारे राजकीय निर्वासित, अशी त्यांच्याविषयी फ्रान्समध्ये भावना होती. फ्रँको १९७५ मध्ये वारला आणि १९७८ मध्ये स्पेनने लोकशाही राज्यघटना स्वीकारली, तरी ती भावना लगेच पुसली गेली नाही. सप्टेंबर १९८४ मध्ये फ्रान्सने पहिल्यांदा एटाच्या तिघा संशयितांना स्पेनच्या हवाली केले. पुढे दोन्ही देशांच्या पोलिसांचे काम एकमेकांत गुंतत गेले आणि मार्च १९९२ मध्ये फ्रान्समधील बिदार या गावी संघटनेचे सर्वोच्च नेतृत्व एकाच वेळी पकडले गेले. एटाने २०११ मध्ये सशस्त्र कारवाया थांबवल्याचे जाहीर केले आणि मे २०१८ मध्ये ती विसर्जित झाली. पहिल्या प्रत्यार्पणापासून मोजले, तर यात ३४ वर्षे गेली.

याच इतिहासातील एक काळे पान आपल्यासारख्या शिस्तीत वाढलेल्या माणसाने अवश्य लक्षात घ्यावे. फ्रान्स दाद देत नाही असे पाहून १९८३ ते १९८७ या काळात ‘गाल’ नावाच्या गुप्त टोळीने, मुख्यतः फ्रान्सच्या भूमीवर, २७ माणसे मारली, आणि त्यांतील काहींचा एटाशी काडीचाही संबंध नव्हता. या टोळीमागे स्पॅनिश सरकारातील माणसे असल्याचे पुढे उघड झाले. टोळीने केलेल्या एका अपहरणाबद्दल स्पेनच्या माजी गृहमंत्र्यांना १९९८ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरवले. या टोळीमुळे एटा संपली नाही. उलट आपण सरकारी दडपशाहीचे बळी आहोत असे सांगायला तिला निमित्त मिळाले.

आपल्या शेजारातही अशी उदाहरणे आहेत, पण मराठी वर्तमानपत्रांत त्यांची चर्चा फार कमी होते याची मला खंत वाटते. आसामातील उल्फा, बोडो संघटना एनडीएफबी आणि उत्तर बंगालातील केएलओ या सशस्त्र संघटनांनी दक्षिण भूतानच्या जंगलांत तळ केले होते. भूतानने अनेक वर्षे त्यांच्याशी बोलणी करून पाहिली. बोलण्याला यश येईना, तेव्हा १५ डिसेंबर २००३ रोजी भूतानच्या लहानशा सैन्याने त्यांचे सुमारे ३० तळ उद्ध्वस्त केले आणि भारतीय सैन्याने आपल्या बाजूची सीमा बंद करून पळवाटा अडवल्या. बांगलादेशातही २००९ च्या सत्ताबदलानंतर धोरण बदलले, उल्फाचा अध्यक्ष अरविंद राजखोवा त्याच वर्षाच्या अखेरीस भारताच्या ताब्यात आला आणि तिचा सरचिटणीस अनुप चेतिया नोव्हेंबर २०१५ मध्ये परत आणला गेला. ज्या संघटनेशी लढताना आपल्या सैन्याने आणि आसामच्या जनतेने इतकी वर्षे किंमत मोजली, तिचा कणा मोडण्यात या दोन छोट्या शेजाऱ्यांच्या निर्णयांचा वाटा फार मोठा आहे. पाकिस्तानच्या बाबतीत असा निर्णय झालेला नाही. त्याला तो घ्यायला लावण्याचे मार्ग कोणते, याचा विचार तिसऱ्या उत्तरात येईल.

प्रश्न : २००८ च्या मुंबई हल्ल्यातील आरोपी तहव्वुर राणाला भारतात आणायला २०२५ साल उजाडले. अबू सालेमच्या बाबतीत तर २५ वर्षांहून अधिक तुरुंगवास होणार नाही, असे आपल्या सरकारने पोर्तुगालला लिहून दिले. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या, २५७ बळी गेलेल्या खटल्यातील दोषीच्या शिक्षेला परदेशाने मर्यादा घालावी आणि आपल्या न्यायालयांनी ती मानावी, हे मला पटत नाही. (विधी शाखेची एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला आनंद आहे, कारण उद्या कदाचित तुम्हीच अशा खटल्यात उभ्या राहाल.

आधी राणाविषयी. अमेरिकेत २०११ मध्ये ज्यूरीने मुंबई हल्ल्याच्या कटाच्या आरोपातून त्याला मुक्त केले होते. लष्कर-ए-तैयबाला साहाय्य आणि डेन्मार्कमधील वृत्तपत्रावरील हल्ल्याचा कट यांसाठी मात्र त्याला दोषी धरले आणि २०१३ मध्ये १४ वर्षांची शिक्षा दिली. जून २०२० मध्ये प्रकृतीच्या कारणावरून त्याची सुटका झाली आणि भारताच्या विनंतीवरून त्याला तत्काळ पुन्हा अटक झाली. एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवता येत नाही, असा त्याचा बचाव होता आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. भारतातील आरोपांचे घटक अमेरिकेतील आरोपांहून वेगळे आहेत, हे तिथल्या न्यायालयांना एकेका पायरीवर पटवून द्यावे लागले. मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील दंडाधिकारी न्यायालय, ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालय आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय असा हा प्रवास झाला, आणि १० एप्रिल २०२५ रोजी राणा दिल्लीत उतरला. भारत आणि अमेरिका यांच्यात १९९७ चा प्रत्यार्पण करार असूनही इतका वेळ लागला. तो आरोपीला दिलेल्या संधींमुळे लागला, आणि तशाच संधी आपणही आपल्या भूमीवरील परकीय आरोपीला देतो.

राणाचा साथीदार डेव्हिड हेडली याची गोष्ट याहून कडू आहे. भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्क यांपैकी कोठेही त्याला पाठवणार नाही, या अटीवर त्याने मार्च २०१० मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला. मुंबईतील जागांची टेहळणी करणारा माणूस मुंबईच्या न्यायालयात उभा राहणार नाही, याची सल कोणाही मराठी माणसाला लागेल, मलाही लागते. पण त्याच तडजोडीमुळे आपल्या राष्ट्रीय तपास संस्थेला जून २०१० मध्ये शिकागोत त्याची चौकशी करता आली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयात व्हिडिओद्वारे माफीचा साक्षीदार म्हणून त्याची साक्ष झाली.

आता सालेमकडे येतो. तो सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनमध्ये पकडला गेला, तेव्हा भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यार्पण करार नव्हता. पोर्तुगालमध्ये फाशी नाही आणि जन्मठेपही नाही. अशा देशाने आपल्या राज्यघटनेविरुद्ध जाऊन कोणालाही हवाली करणे शक्यच नव्हते. फाशी होणार नाही आणि २५ वर्षांहून अधिक कारावास होणार नाही, असे आश्वासन भारत सरकारने डिसेंबर २००२ मध्ये दिले. त्यानंतरही तीन वर्षे गेली आणि नोव्हेंबर २००५ मध्ये सालेम मुंबईत आणला गेला. आश्वासन दिले नसते तर शिक्षा अधिक कडक झाली असती, अशी आपल्या मनाची समजूत असते. प्रत्यक्षात खटलाच झाला नसता. आपल्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यातही अशी तरतूद आहे की, हवाली करणाऱ्या देशात त्या गुन्ह्यासाठी फाशी नसेल, तर येथेही फाशीऐवजी जन्मठेप द्यावी. म्हणजे ही तडजोड करण्याची मुभा आपल्याच संसदेने विचारपूर्वक दिलेली आहे.

विशेष न्यायालयाने सालेमला २०१७ मध्ये जन्मठेप दिली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये काढलेला मार्ग तुम्ही मूळ निकालातून अवश्य अभ्यासावा. सरकारने दिलेल्या शब्दामुळे न्यायालयाचा शिक्षा देण्याचा अधिकार कमी होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पण शब्द सरकारने दिला आहे, तेव्हा २५ वर्षे पूर्ण झाल्यावर राज्यघटनेच्या ७२ व्या अनुच्छेदाखाली राष्ट्रपतींना योग्य तो सल्ला देऊन तो पाळण्याची जबाबदारीही सरकारचीच आहे, आणि त्यासाठीची कागदपत्रे एका महिन्याच्या आत पुढे पाठवावीत, असेही सांगितले. मला हा निकाल योग्य वाटतो. आपण पोर्तुगालला दिलेला शब्द मोडला, तर उद्या दुसऱ्या देशाच्या न्यायालयात आपल्या सरकारी वकिलाला आश्वासनाचे पत्र पुढे करता येणार नाही, आणि आरोपीचा वकील सालेमचेच उदाहरण न्यायाधीशांपुढे ठेवील. ज्यांची माणसे १२ मार्च १९९३ रोजी गेली, त्यांच्यापुढे हे सांगणे अवघड आहे हे मी जाणतो, आणि तरीही सांगतो.

प्रश्न : आमच्या सहकारी बँकेत दर काही दिवसांनी संयुक्त राष्ट्रांच्या यादीतील नावे खातेदारांशी ताडून पाहण्याची सूचना येते. शेतकरी, गूळ व्यापारी आणि पेन्शनर यांच्या खात्यांत दहशतवादी शोधण्याने काय साधते? (एक बँक कर्मचारी, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या टेबलावर येणारी ती यादी सुरक्षा परिषदेच्या १५ ऑक्टोबर १९९९ रोजीच्या १२६७ क्रमांकाच्या ठरावातून निर्माण झालेली आहे. आधी ती तालिबानपुरती होती, नंतर अल-कायदा आणि २०१५ पासून आयसिस यांच्याशी संबंधित व्यक्ती व संस्था तिच्यात आहेत. यादीत नाव आले की प्रत्येक देशाने त्या व्यक्तीची मालमत्ता गोठवायची, प्रवास रोखायचा आणि शस्त्रे मिळू द्यायची नाहीत. भारतात हे काम बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या ‘५१ अ’ कलमाखाली होते आणि रिझर्व्ह बँक ती नावे राष्ट्रीयीकृत बँकांपासून सहकारी बँकांपर्यंत सर्वांना कळवते. कोल्हापूरच्या पेठेत त्या यादीतले नाव सापडण्याची शक्यता नगण्य आहे हे मान्य. पण एका देशाच्या एका गटातील बँका ही तपासणी करत नाहीत असे दिसले, की पैसा नेमकी तीच फट शोधतो.

यादीत नाव घालणे किती अवघड असते हेही पाहा. जैश-ए-महंमद ही संघटना २००१ मध्येच यादीत गेली, पण तिचा प्रमुख मसूद अझहर याचे नाव १ मे २०१९ पर्यंत जाऊ शकले नाही. निर्बंध समितीत पंधरा सदस्य असतात आणि निर्णय सर्वसहमतीने होतो. चीनने पुन्हा पुन्हा हरकत घेतली आणि पुलवामात ४० जवान गेल्यानंतरच्या आंतरराष्ट्रीय दबावाखाली ती सोडली.

आपण विचारले की याने काय साधते. माझे उत्तर असे की, पहिल्या उत्तरात ज्या हिताचा उल्लेख झाला, ते बदलण्यासाठी पैशाइतके परिणामकारक साधन सध्या दुसरे नाही. ‘फायनान्शियल अ‍ॅक्शन टास्क फोर्स’ म्हणजे एफएटीएफ ही संघटना १९८९ मध्ये काळ्या पैशाविरुद्ध स्थापन झाली, २००१ मध्ये तिने दहशतवादाचा पैसाही आपल्या कक्षेत घेतला आणि भारत २०१० मध्ये तिचा सदस्य झाला. तिच्याकडे पोलीस नाहीत, न्यायालय नाही. ती फक्त देशांची व्यवस्था तपासते आणि त्रुटी असलेल्या देशांची नावे जाहीर करते. अशा ‘करड्या यादी’तील (ग्रे लिस्टमधील) देशाशी व्यवहार करताना जगभरच्या बँका अधिक चौकशी करतात, व्यवहाराला वेळ आणि खर्च अधिक लागतो. पाकिस्तान जून २०१८ मध्ये या यादीत गेला आणि ३४ कलमी कृती आराखडा पूर्ण केल्याचे मान्य झाल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये बाहेर पडला. मधल्या काळात काय झाले ते लक्षात घ्या. लष्कर-ए-तैयबाचे म्होरके हाफिज सईद याला फेब्रुवारी २०२० मध्ये आणि झकीउर रहमान लखवी याला जानेवारी २०२१ मध्ये तिथल्याच न्यायालयांनी दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल शिक्षा ठोठावली. हाच लखवी मुंबई हल्ल्याच्या खटल्यात डिसेंबर २०१४ मध्ये जामीन मिळवून पुढच्या एप्रिलात तुरुंगाबाहेर आला होता. आपण दिलेल्या पुराव्यांनी जे झाले नाही, ते कर्ज आणि व्यापार अडचणीत आल्यावर अंशतः झाले. मुंबईतील १६६ बळींचा न्याय मात्र त्या शिक्षांमध्ये नाही, आणि करड्या यादीतून बाहेर पडल्यावर तो दबावही ओसरला.

भारताचीही अशीच तपासणी झाली आणि तिचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारत ‘नियमित पाठपुरावा’ या वरच्या गटात आला. तो दर्जा आपल्यासारख्या कर्मचाऱ्यांच्या कंटाळवाण्या कामातूनच मिळालेला आहे.

प्रश्न : ‘रेड कॉर्नर नोटीस’ निघाली म्हणजे त्या माणसाला जगात कोठेही अटक होते ना? (एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : नाही. ते अटक वॉरंट नव्हे. अमुक माणूस अमुक देशाला हवा आहे, त्याला शोधून प्रत्यार्पणासाठी तात्पुरते ताब्यात घ्यावे, अशी ती इंटरपोलने आपल्या १९६ सदस्य देशांना केलेली विनंती आहे, आणि तिला किती वजन द्यायचे हे प्रत्येक देश आपापल्या कायद्याप्रमाणे ठरवतो. भारतातून अशी मागणी केंद्रीय अन्वेषण विभागामार्फत, म्हणजे सीबीआयमार्फत, जाते. राज्य पोलिसांना ही मागणी सुलभपणे करता यावी म्हणून जानेवारी २०२५ मध्ये ‘भारतपोल’ हे संकेतस्थळ सुरू करण्यात आले आहे.

प्रश्न : सरकारे एकमेकांना मदत करू लागली, की एखादे सरकार आपल्या विरोधकालाच दहशतवादी ठरवून दुसऱ्या देशाकडून पकडून आणील. ही भीती अवास्तव आहे का? (एक शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : बाई, ही भीती वास्तव आहे, आणि ती व्यक्त करणाऱ्यांना देशविरोधी ठरवण्याची आपल्याकडे वाढलेली सवय मला चिंताजनक वाटते. इंटरपोलच्या घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणांत हस्तक्षेप करण्यास त्या संस्थेला मनाई केली आहे, ती याच कारणाने. प्रत्यार्पणात मागणारा आणि देणारा अशा दोन्ही देशांत ते कृत्य गुन्हा असावे लागते. आणि ज्या गुन्ह्यासाठी माणूस हवाली झाला, त्याच्याबाहेरच्या गुन्ह्यासाठी हवाली करणाऱ्या देशाच्या संमतीवाचून त्याच्यावर खटला चालवता येत नाही.

निर्बंधांच्या यादीत मात्र हे संरक्षण दीर्घकाळ नव्हते. यासीन अब्दुल्ला कादी या सौदी व्यावसायिकाचे नाव २००१ मध्ये यादीत गेले आणि त्याची युरोपातील मालमत्ता गोठली. आरोप काय आणि पुरावा काय, हे त्याला सांगितले गेले नाही. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये निर्णय दिला की, सुरक्षा परिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी करतानाही माणसाचा आपली बाजू मांडण्याचा हक्क डावलता येत नाही. त्याचे नाव २०१२ मध्ये यादीतून वगळले गेले. या निकालाचा धक्का इतका होता की, सुरक्षा परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये लोकपालाचे स्वतंत्र पद निर्माण केले आणि यादीतील व्यक्तीला त्याच्याकडे थेट अर्ज करण्याची सोय झाली.

अशा संरक्षणामुळे दहशतवादी सुटतात, असा आक्षेप घेतला जातो. माझा अनुभव वाचनापुरता आहे, पण मला उलटेच आढळले आहे. मुंबई हल्ल्याच्या पुराव्यांसाठी पाकिस्तानचे न्यायिक पथक मार्च २०१२ मध्ये मुंबईत आले, तेव्हा ठरल्याप्रमाणे भारतीय साक्षीदारांची उलटतपासणी त्याला करू दिली नव्हती. उलटतपासणी नाही, एवढ्याच कारणावरून रावळपिंडीच्या न्यायालयाने ते जबाब बाजूला ठेवले आणि सप्टेंबर २०१३ मध्ये दुसऱ्या पथकाला मुंबईत येऊन तीच साक्ष उलटतपासणीसह पुन्हा घ्यावी लागली. आरोपीचा हक्क पहिल्याच वेळी पाळला असता, तर पलीकडच्यांच्या हाती ही सबब पडली नसती आणि दीड वर्ष वाया गेले नसते.

लोकपालाची ती सोय आजही अल-कायदा आणि आयसिसच्या यादीपुरतीच आहे. सुरक्षा परिषदेच्या इतर निर्बंध याद्यांत ज्यांची नावे आहेत, त्यांना असा स्वतंत्र लोकपाल उपलब्ध नाही. यादीत नावे घालण्यासाठी भारत वर्षानुवर्षे आग्रह धरत आला आहे, तेव्हा चुकून गेलेली नावे काढण्याची ही सोय सर्व याद्यांना लागू व्हावी यासाठीही भारतानेच पुढाकार घ्यावा, असे मला वाटते.